देण्याआधीची चौकशी

भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात आपण मेथीची जुडी उलटून पाहतो, टोमॅटो एकेक निवडतो. देणगी देताना मात्र पत्रकावरचा एखादा करुण फोटो पाहून पाकीट उघडतो. तिथेही तशीच पारख हवी.

याच भोपाळच्या जुन्या भागात 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडचा विषारी वायू पसरला. त्यात होरपळलेल्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना 2004 साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या रकमेतून दोघींनी चिंगारी ट्रस्ट उभा केला. वायुपीडित कुटुंबांत व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांवर तिथे मोफत उपचार होतात. मला हे फार मोलाचं वाटतं: ज्यांनी सोसलं, निर्णयही त्यांच्याच हाती आहेत. संस्था पारखताना मी हेच आधी पाहीन. हिशेब, लेखापरीक्षण, पावती हेही विचारायचंच. प्रामाणिक संस्थेला त्याचा राग येत नाही.

1996 साली सुरू झालेला संभावना ट्रस्टचा वायुपीडितांसाठीचा दवाखाना सामान्य माणसांच्या देणग्यांवर उभा राहिला. तिथे आधुनिक औषधांबरोबर आयुर्वेद आणि योगही आहे. अशा जुनाट दुखण्यांच्या कामाला दर महिन्याची छोटी रक्कम एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण औषधं दर महिन्याला लागतात.

आणि वेळ द्यायचा असेल, तर आधी फोन करून विचारा, “तुमच्याकडे कोणतं काम अडलंय?” कदाचित ते नोंदवह्या नीट लावण्याचं असेल. तेही आनंदानं करा.