आडनाव शेवटी विचारा

घरातल्या खोलीला भाडं लावलं की ते घर राहतं, की दुकान होतं? शेगावात राहणाऱ्यांसाठी हा रोजच्या व्यवहाराचा प्रश्न आहे. संस्थानाची भक्तनिवासं मोठी आहेत, पण प्रकटदिनाला आणि रामनवमीला गर्दी अशी लोटते की लोक खोलीसाठी गल्लोगल्ली विचारत फिरतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर पाहायला लांबून माणसं येतात, 12 जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला सिंदखेड राजा भरून जातं. मुक्कामाची गरज आहे आणि पोरं पुण्या-मुंबईला गेल्यामुळे घरोघरी खोल्या रिकाम्या आहेत.

आमच्याकडेही भाऊ नोकरीला गेल्यापासून वरच्या दोन खोल्या पडून आहेत. जिना बाहेरून आहे, बाथरूम वेगळं आहे. गाद्या, पंखे, गिझर, दाराला आतून मजबूत कडी, अशी यादी एका संध्याकाळी झाली. अडलं ते पुढे. आई म्हणाली, “घर आपलं आहे, मंग कोनाले ठेवायचं ते आपनच पाहू ना!” ‘पाहू’चा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. फोन आला की आधी गाव विचारायचं, मग आडनाव, आणि आडनाव पटलं नाही तर “खोली भरली हो” म्हणायचं. अनेकांना हे गैर वाटतच नाही. माझं म्हणणं आहे की हे गैर आहे, आणि त्याचं कारण त्या भाड्यातच आहे.

आपल्याला शिकवलेलं असतं की पाहुण्याकडून पैसे घेणं कमीपणाचं. अतिथी म्हणजे देव. पण तो देव कुणाच्या ओसरीवर बसायचा आणि कुणाच्या अंगणाबाहेर उभा राहायचा? फुकटच्या पाहुणचारात यजमान निवड करतो आणि पाहुणा उपकाराखाली राहतो. भाड्याचं तसं नाही. ठरलेले पैसे मोजणाऱ्याला आपलं कूळ सांगावं लागू नये, कुणाची ओळख काढावी लागू नये. पैशात फार चांगुलपणा नसतो, पण एक गोष्ट चांगली असते: शंभराच्या नोटेला जात नसते. भाडं घ्यायचं आणि जातही पाहायची, म्हणजे दुकानाचा फायदा आणि घराचा हट्ट दोन्ही आपल्याकडेच ठेवायचं.

हा हट्ट माणसाला कुठे नेऊन सोडतो, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलंय. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते 1917 साली बडोद्याला नोकरीसाठी गेले. राहायला जागा मिळेना. पारशांच्या एका पथिकाश्रमात त्यांना पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. पहिला म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. दोघांपैकी कुणी वाईट शब्द बोललं नाही. दोघांनी फक्त आपलं घर आणि घरातली माणसं पुढे केली. “खोली भरली हो” हे त्याच जातीचं वाक्य आहे.

म्हणून राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये दुकानं आणि हॉटेलं मुद्दाम नाव घेऊन आली आहेत: धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तर हॉटेलच्या व्याख्येत बोर्डिंग-लॉजिंगही धरलं. दोन खोल्यांचं घर त्यात बसतं का, यावर वकील वाद घालू शकतील. मला तो वाद लागत नाही. घराबाहेर पाटी लावली, मोबाइलवर फोटो टाकले, दर लिहिला, म्हणजे आपण जगाला ‘या’ म्हटलं. ‘या’ म्हटल्यावर दारात आडनाव पाहून मागे फिरवणं हा अपमान आहे, आणि तो त्या माणसाने आयुष्यात कितव्यांदा सोसला असेल हे आपल्याला माहीत नसतं.

आईची भीती मात्र खोटी नाही. घरात तरुण मुलगी आहे, अनोळखी माणूस वर झोपणार. ज्या मुलीची ही काळजी आहे ती मीच, त्यामुळे मी ती हसण्यावारी नेत नाही. पण काळजी आणि निवड यांत फरक करता येतो. प्रत्येकाचं ओळखपत्र, रात्री दहानंतर फाटक बंद, दारू चालणार नाही, स्वयंपाकघरात मांसाहार शिजत नाही: हे नियम माणूस काय करतो याबद्दल आहेत. ते आधी सांगावेत आणि सगळ्यांना सारखे लावावेत. फक्त कुटुंबांनाच खोली द्यायची असं एखाद्या घराने भीतीपोटी ठरवलं, तर मी लगेच दोष देणार नाही. पण ‘आपल्यातल्या’ एकट्या मुलाला त्यातून सूट मिळाली की ती भीती नव्हती हे उघड होतं. माणूस काय करतो यावर नियम असावा. तो कुठे जन्मला यावर नसावा.

गंमत म्हणजे सुरक्षेसाठी घेतलेलं आधार कार्डच आडनाव वाचायच्या कामी येतं. त्यावर मी घरात एक साधी रीत सुचवली आहे. फोनवर आधी तारीख, मग माणसं किती, मग दर आणि नियम. मग ‘या’. नाव त्यानंतर. ‘हो’ म्हणून झाल्यावर कळलेलं आडनाव नोंदवहीत जातं, निकालात येत नाही. आणि हे जमणार नसेल तर पाटीच लावू नये. खोली मावशीसाठी, आत्यासाठी ठेवावी. त्यात काही वावगं नाही. ते घर आहे आणि घरच राहील.

ज्यांच्यामुळे शेगावात ही गर्दी होते, ते गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 ला इथे उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना दिसले, असं परंपरा सांगते. ते कुठून आले, कोणत्या जातीचे, हे कुणालाच कळलं नाही. बंकटलाल अग्रवालांनी त्यांना तरीही घरी नेलं. त्यांनी आधी आडनाव विचारलं असतं, तर उत्तरच मिळालं नसतं. आमच्या गावात खोली देणाऱ्याने एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.