कष्ट कोणाचे, कर्तेपण कोणाचे?

वारकरी सज्जनहो, माणसाने आपल्या देहाला मुद्दाम कष्ट द्यावेत की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. उपास, जागरण, अनवाणी चालणे यांविषयी आपल्याकडे दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलून झाले आहे. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो आणि त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. कष्ट पुरे झाले, की माणूस म्हणतो, "हे मी केले." हे त्याचे म्हणणे कितपत खरे?

याचा विचार करण्यासाठी आज एक अगदी नव्या काळातले उदाहरण घेऊ. ते पंढरीच्या वाटेवरचे नाही. परंतु आपल्या पुण्या-कोल्हापूरकडची पुष्कळ संसारी माणसे हल्ली त्या वाटेला लागली आहेत, तेव्हा परके म्हणून ते सोडून देण्यासारखेही नाही.

ट्रायथलॉन म्हणून एक तिहेरी शर्यत असते. आधी पोहायचे, मग ओल्या अंगाने सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवली की धावायला लागायचे. तिच्यातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला आयर्नमॅन, म्हणजे लोहपुरुष, असे नाव आहे. तिच्यात पोहणे ३.८ किलोमीटर, सायकल १८० किलोमीटर आणि धावणे ४२.२ किलोमीटर. बेरीज केली तर २२६ किलोमीटर होतात. आळंदी ते पंढरपूर ही पालखीची वाट सुमारे २५० किलोमीटरची. ती आपण मुक्काम करीत करीत अडीच-तीन आठवड्यांत चालतो. येथे सगळे एकाच दिवसात, साधारण १७ तासांच्या आत संपवावे लागते. याच्या निम्म्या पल्ल्याची शर्यत २०१९ साली गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर सुरू झाली. तिला आपल्या भागातले पुष्कळ लोक जातात. त्यांत पहिला-दुसरा नंबर मिळवायला निघालेले थोडेच. बाकीच्यांची इच्छा एवढीच असते, की वेळेत शेवट गाठावा.

या शर्यतीचा जन्म मोठा गमतीचा आहे. हवाई बेटांत १९७७ साली एका धावण्याच्या शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद निघाला, की पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत खरा तगडा कोण? अमेरिकी आरमारातले जॉन कॉलिन्स म्हणाले, तिन्ही एकापाठोपाठ करून बघू. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर १५ जण उतरले आणि १२ जण शेवटपर्यंत पोचले. गॉर्डन हॉलर नावाच्या गृहस्थाने ११ तास ४६ मिनिटांत पहिला क्रमांक मिळवला. या शर्यतीच्या कागदावर पल्ले सांगून शेवटी थट्टेने लिहिले होते, की एवढे करा आणि मग जन्मभर बढाई मारा. आणि गंमत अशी, की त्याच शर्यतीत प्रत्येकाने अन्नपाणी पुरवणारी आपली माणसे आपणच बरोबर आणायची होती. एकीकडे बढाई एकट्याची आणि दुसरीकडे मदतनीसाशिवाय पाऊल पुढे पडायचे नाही! आपला प्रश्न त्या पहिल्या दिवशीच तेथे उभा होता.

आता दृष्टांत घेऊ. समजा, कोल्हापुरात एक गृहस्थ आहेत. वय ४२, बँकेत नोकरी, घरी बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. त्यांनी मनाशी ठरवले, की पुढल्या वर्षी ही लांब शर्यत पुरी करायची. पहाटे चारला उठायचे. दोन दिवस राजाराम तलावात पोहायचे, दोन दिवस रंकाळ्याभोवती धावायचे, रविवारी सायकलने पन्हाळा चढून पुढे चार-पाच तासांची रपेट करायची. आठवड्याचे १२ तास धरा. सहा महिन्यांचे आठवडे २६, म्हणजे एकूण ३१२ तास झाले. शर्यतीच्या दिवशी लोक पाहतात ते पंधरा-सोळा तास. हे ३१२ तास कोणी पाहत नाही.

बरे, हे ३१२ तास आले कोठून? दिवस तर राजाचा आणि रंकाचा सारखाच, २४ तासांचा. गृहस्थांनी बँकेतून तर एक तासही कमी केला नाही. तेव्हा हिशेब सरळ आहे. ते घरातून आले. शिवाय ज्यांना या विद्येची माहिती आहे ते सांगतात, की शरीर कसरत करताना बळकट होत नाही. कसरतीनंतर जी विश्रांती आणि जे अन्न मिळते त्यात ते बळकट होते. म्हणजे रविवारची रपेट झाली, की दुपारची झोप हाही त्या अभ्यासाचाच भाग. ती झोप मोडू नये म्हणून मुलांना कोणीतरी गप्प बसवते. चार पोळ्या जास्त कोणीतरी लाटते. घामाचे कपडे कोणीतरी धुते.

घरातले बोलणे कसे होते तेही ऐका.

"अहो, रविवारी आईंना डॉक्टरांकडे न्यायचंय."

"या रविवारी नाही गं जमायचं. पाच तासांची सायकल आहे."

"बरं. मी नेते रिक्षाने."

झाले. भांडण नाही, तंटा नाही. पण त्या "बरं" या दोन अक्षरांत पाच तासांचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले आणि ज्याच्या खांद्यावरून गेले त्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

येथे कोणी शंका घेईल, की महाराज, हा सारा पोट भरलेल्यांचा शौक आहे. ऊस तोडणारा मजूर पहाटेपासून कोयता चालवतो, मोळ्या डोक्यावर वाहतो, त्याच्या गळ्यात कोणी पदक घालीत नाही. शंका रास्त आहे. लाखाच्या घरातली सायकल घेऊन मुद्दाम दमणे आणि पोटासाठी दमणे, यांची किंमत एक नव्हे. तथापि एवढ्यावरून मुद्दाम केलेले कष्ट वाईटच, असा निकाल देता येत नाही. बैठे काम करून ज्याचा देह आळसावला, त्याने तो पुन्हा कामाला लावला, पहाटे उठण्याचा नेम धरला, जिभेला आवर घातला, तर यात गैर काय? आणि चार तासांच्या चढानंतर आपली पाठ दुखली म्हणजे रोज पाठ दुखणाऱ्या माणसाकडे बघण्याची दृष्टी बदलली, तर तो लाभच म्हणायचा. बदलली नाही, उलट "मी किती सोसतो" एवढेच मनात उरले, तर मात्र शंका घेणाऱ्याचे म्हणणे खरे ठरले. तेव्हा कष्ट चांगले की वाईट, हे कष्टांवरून ठरत नाही; ते करणाऱ्याच्या मनात मागे काय उरले, यावरून ठरते.

शर्यतीचे दोन नियम मोठे विचार करण्यासारखे आहेत. पुढच्या सायकलला चिकटून गेले तर वारा कमी लागतो आणि श्रम वाचतात. म्हणून हौशी स्पर्धकांना दोन सायकलींत साधारण १२ मीटर अंतर ठेवावे लागते. पंच मोटारसायकलवरून फिरतात, पण १८० किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक वळणावर पंच कोठून येणार? तेथे ज्याचा त्याने नियम पाळायचा. दुसरा नियम असा, की आता बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही. वाटेत पाणी, केळी देणारे स्वयंसेवक असतात, तेवढेच घ्यावे. घरच्यांनी कडेला उभे राहून टाळ्या वाजवाव्यात; हातात पाण्याची बाटली देऊ नये.

नियम न्यायाचे आहेत, यात संशय नाही. पण त्यांतून एक भ्रम उपजतो. त्या दिवशी माणूस खरोखरच एकटा दिसतो. कोणाच्या पाठीचा आडोसा नाही, कोणाचा हात नाही. शेवटची कमान ओलांडताना त्याला वाटते, "मी एकट्याने केले!" वाऱ्याचा आडोसा घेतला नाही हे खरे, पण सहा महिने घराचा आडोसा घेतला, त्याचे काय? तो आडोसा मोजायला पंच नाही.

याच शर्यतीतली दुसरी एक हकीकत सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात डिक हॉइट नावाचे गृहस्थ होते. त्यांचा मुलगा रिक १९६२ साली जन्मला तो अपंगच. चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते. यंत्राच्या साहाय्याने तो आपल्या मनातले सांगे. १९७७ साली त्याच्या इच्छेवरून बापाने त्याची चाकाची खुर्ची ढकलीत सुमारे आठ किलोमीटरची शर्यत केली. घरी आल्यावर मुलाने कळवले, की धावताना आपण अपंग आहोत असे वाटले नाही. एवढे ऐकल्यावर बाप थांबेल कसा? त्याला पोहता येत नव्हते, ते तो शिकला. पाण्यात मुलाला लहान नावेत बसवून ती दोरीने ओढायची, सायकलला पुढे आसन करून त्यात त्याला बसवायचे, धावताना खुर्ची ढकलायची. असे करीत १९८९ साली दोघांनी हवाईतली ही लांब शर्यत पुरी केली. बाप २०२१ साली गेला, मुलगा २०२३ साली गेला. आता सांगा, शर्यत केली कोणी? बापाने म्हणावे तर मुलाच्या इच्छेवाचून तो निघालाच नसता. मुलाने म्हणावे तर त्याला पाऊल उचलता येत नव्हते. "मी केले" हे वाक्य तेथे दोघांपैकी कोणालाच बोलता येत नाही. "आम्ही केले" एवढेच बोलता येते.

कोणी म्हणेल, तो बाप थोर. आमच्या कोल्हापूरच्या गृहस्थांना तसे कोणाला ओढायचे नाही. सज्जनहो, येथेच मेख आहे. आपल्या दृष्टांतात नाव आहे, दोरी आहे, ओढणारेही आहे. फरक इतकाच, की आपले गृहस्थ ओढणारे नव्हेत, ते नावेत बसलेले आहेत! सहा महिने त्यांची नाव त्यांच्या बायकोने, आईने, मुलांनी ओढली. त्यांना वाटले आपण पोहतो आहोत.

मग काय, त्यांनी शर्यत सोडून द्यावी? मी तसे म्हणत नाही. घर ओझे वाहते ते पुष्कळदा आनंदानेही वाहते. पण विचारणे वेगळे आणि कळवणे वेगळे. "मी हे ठरवले आहे" असे सांगणे म्हणजे कळवणे. "हे करावेसे वाटते, यात तुझे काय जाईल ते सांग, आणि नको वाटले तर तसे बोल" असे म्हणणे म्हणजे विचारणे. विचारले, की 'नाही' ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. ज्याला 'नाही' ऐकायचे नसते, त्याचा नेम हा नेम राहत नाही. त्याचा हट्ट होतो.

या नेमाची आणि हट्टाची परीक्षा वाटेवरही होते. उन्हाने डोके फिरू लागले, पायाच्या हाडात कळ निघाली, तरी हट्टी माणूस थांबत नाही. चार लोक काय म्हणतील, हे त्याला हाडापेक्षा मोठे वाटते. ज्याने देह आपल्या एकट्याच्या मालकीचा मानला नाही, घरच्यांचीही ती ठेव आहे असे मानले, त्याला थांबता येते. अर्ध्या वाटेवरून परत आला तरी तो हरला असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्याकडे दाखवलेले बोट आता जरा आपल्याकडेही वळवू. आषाढीच्या सुमारास आपण घर सोडतो. तो दिवस पेरणीचा असतो. मागे कोणी पेरते, कोणी धार काढते, कोणी म्हाताऱ्यांचे औषधपाणी बघते. दिंडीतही तंबू ठोकणारा आणि पाणी भरणारा कीर्तनाच्या वेळी दमून झोपलेला असतो. वारी माझी झाली, असे म्हणताना त्यांची आठवण आपल्याला होते का? होत असेल तर उत्तम. नसेल तर कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तात्पर्य काय, की देह झिजवावा, अवश्य झिजवावा. पण झिजलेल्यांच्या यादीत पहिले नाव आपले घालू नये. त्या गृहस्थांना गोव्यात किंवा आणखी कोठे पदक मिळो न मिळो. घरी आल्यावर पुढल्या रविवारी त्यांनी सायकल भिंतीला टेकून ठेवावी आणि आईला स्वतः डॉक्टरांकडे न्यावे. ३१२ तासांचे देणे एका रविवारी फिटत नाही. पण फेडीला आरंभ तरी झाला, असे म्हणता येईल.

राम कृष्ण हरि.