चोर कोण म्हणालं?

चोर हा शब्द फार स्वस्त आहे. मालकानं उच्चारायचा, पोलिसानं लिहायचा, वस्तीनं ऐकायचा. पुरावा मागून. 1871 च्या कायद्यानं तर अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली तो कायदा गेला, नजर गेली नाही. गिरणीच्या गेटावर पाळी सुटली की आमचा डबा उघडतात. साहेबाची बॅग नाही उघडत.

प्रश्न असा. मालकानं कामावरून काढलं, वर चोरीची खोटी केस घातली. तारखा खाऊन खाऊन माणूस निर्दोष सुटला. आता त्यानं मालकावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करावा का?

आपलेच काही दोस्त म्हणतात, नको. अब्रू काय विकायची चीज आहे? पैसे घेतले की आपणच तिचा भाव सांगितला. बोलणं ताठ आहे. मला पटत नाही.

निर्दोष सुटणं म्हणजे काय ते नीट बघा. फौजदारी कोर्ट सांगतं, ह्याच्यावर गुन्हा शाबित झाला नाही. बस्स. आरोप करणारा तोवर घरी निवांत जेवत असतो. दिवाणी दाव्यात तोंड फिरतं. तिथं त्याला विचारता येतं, बोल, तुझ्याकडं कारण काय होतं? ओझं मात्र आपल्याच डोक्यावर. वाजवी कारण नव्हतं, मनात आकस होता, हे आपणच शाबित करायचं.

ब्रिटनमध्ये पोस्टाच्या शाखा चालवणाऱ्या शेकडो माणसांना चोर ठरवलं गेलं. हिशेब कॉम्प्युटरनं चुकवला, तुरुंगात माणसं गेली. 555 जणांनी मिळून पोस्टावर दिवाणी दावा लावला. 2019 साली पावणेसहा कोटी पौंडांवर तडजोड झाली, त्यातला बहुतेक पैसा दाव्याच्या खर्चातच गेला. पण यंत्रणेत दोष होते हे त्याच साली कोर्टानं निकालात लिहिलं. त्या लिहिण्याच्या जोरावर 2020 पासून शिक्षा रद्द होत गेल्या. पैसा आटला, निकाल टिकला.

कोर्टात जाणं म्हणजे लढा सोडणं, असंही कुणी समजू नये. चवदार तळ्यासाठी सनातन्यांनी 1927 साली बाबासाहेबांवर दिवाणी दावाच लावला होता. बाबासाहेब तो लढत राहिले. 1937 साली हायकोर्टात जिंकले.

म्हणून मी म्हणतो, घ्यावेत पैसे. तो भाव अब्रूचा नाही, खोट्याचा आहे. आजवर खोटं फुकट होतं, म्हणून तर आमच्यावर इतकं उधळलं गेलं. त्याला दाम पडू दे.

पण मुदत एकच वर्षाची आहे, सुटका झाल्यापासून. 1987 च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो, कमाई कितीही असो. तेव्हा वस्तीत कुणी सुटून आला तर आज पेढे वाटा, आणि उद्या सकाळी निकालाची नक्कल काढायला त्याच्यासोबत जा.