खोटा माल आणि खरें मागणें

वाचावयाचे शास्त्रभाग : नीतिसूत्रें २०:१४; मत्तय १८:१५–१७



सुगीचा पैसा हातीं आला म्हणजे आपल्या गांवचे लोक खरेदीसाठीं पुण्यास जातात. रविवार पेठेंत भांडीं पाहतात, लक्ष्मी रस्त्यावर कापड घेतात, आणि सायंकाळच्या एस. टी.नें घरीं परततात. घरीं येऊन गांठोडें सोडलें आणि वस्तु सदोष निघाली, तर काय करावें? कोणी कपाळाला हात लावून म्हणतो, 'आपलें नशीबच असें.' कोणी शहराला शिव्या देऊन मोकळा होतो. आणि आपल्यांतील एखादा भाविक मनुष्य म्हणतो, 'ख्रिस्ती मनुष्यानें भांडूं नये, नुकसान सोसावें.' पहिल्या दोन उत्तरांविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. तिसरें उत्तर मात्र देवभक्तीचें वस्त्र पांघरून येतें, म्हणून तें नीट पारखून पाहिलें पाहिजे.

विचार करण्यास सोपें जावें म्हणून एक दृष्टांत घ्या. एक विधवा बहीण शिवणकाम करून दोन लेकरांचें पोट भरते. दोन वर्षें पैसा पैसा साठवून तिनें पुण्यांतील एका दुकानांतून शिवणयंत्र आणिलें. तिसऱ्या दिवशीं दोरा तुटूं लागला, टांका सुटूं लागला. गांवच्या कारागिरानें यंत्र उघडून पाहिलें, तों आंतल्या दांड्यास जुनी चीर, आणि तिजवर रंग फासलेला! ती यंत्र घेऊन पुण्यास गेली. दुकानदारानें भिंतीवरील पाटीकडे बोट दाखविलें : 'एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं.' ती मुकाट्यानें परत आली. आतां तें यंत्र घराच्या कोपऱ्यांत झांकून ठेविलेलें आहे, आणि ती दुसऱ्याच्या शेतांत खुरपावयास जाते.

ह्या बहिणीला तिचा उपदेशक काय सांगणार? 'बाई, सोस,' एवढेंच काय?

पौलानें करिंथकरांस नुकसान सोसण्याविषयीं लिहिलें, हें खरें. परंतु जे बंधु स्वार्थासाठीं एकमेकांस न्यायालयांत ओढीत होते, त्यांना तें लिहिलें. तोच पौल फिलिप्पै येथें कसा वागला, हेंही प्रेषितांचीं कृत्यें १६ ह्यांत वाचा. त्याला चौकशीवांचून फटके मारिले. आणि दुसऱ्या दिवशीं अधिकाऱ्यांना वाटलें कीं, ह्यानें गुपचूप निघून जावें. पौल गेला नाहीं. अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें, असें त्यानें सांगितलें. त्यानें सूड मागितला नाहीं. पण अन्यायाला न्याय म्हणूं दिलें नाहीं.

बंधूंनो, स्वतःचें नुकसान प्रीतीनें सोसणें ही कृपा आहे. परंतु दुसऱ्याचें नुकसान आपणच त्याच्या वतीनें सोसून टाकणें ही कृपा नव्हे. त्या विधवेचे पैसे म्हणजे तिच्या लेकरांची भाकर. शिवाय ती गप्प राहिली तर तसलेंच दुसरें यंत्र पुढच्या विधवेच्या माथीं मारलें जाईल, आणि दुकानदार आपल्या पापांत तसाच राहील. आमोस संदेष्ट्याच्या काळीं व्यापारी गव्हाचें भूस गरिबांना विकीत. त्यानें गरिबांना 'गप्प बसा' असें सांगितलें नाहीं. विकणाऱ्यांना देवाचा न्याय सांगितला.

तर मग मागावें कसें? प्रभूनें बंधूच्या अपराधाविषयीं जी वाट घालून दिली, तीच वाट बाजारांतही चालण्याजोगी आहे.

पहिली पायरी ही कीं, एकटें जाऊन सांगावें. चावडीवर दुकानदाराची अब्रू घेऊं नये. पावती बरोबर न्यावी, दोष दाखवावा, आणि शांतपणें म्हणावें, 'यंत्र बदलून द्या, नाहीं तर किंमत परत करा.' कदाचित् कारखानदारानें दुकानदारालाही फसविलें असेल. त्याला सत्याची बाजू घेण्याची संधि प्रथम दिली पाहिजे.

दुसरी पायरी ही कीं, एक दोन साक्षीदार न्यावे. येथें कारागीर उपयोगी पडेल, आणि उपदेशकही उपयोगी पडेल. तक्रार कागदावर लिहावी. खरेदीची तारीख, किंमत व दोष हीं स्पष्ट नमूद करावीं. आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. ज्या बहिणीला लिहितां येत नाहीं, तिच्यासाठीं अर्ज लिहिणें हें उपदेशकाच्या सेवेबाहेरचें काम आहे, असें कोणी समजूं नये.

तिसरी पायरी ही कीं, समाजापुढें जावें. ह्या बाबतींत पुणें शहराला मान दिला पाहिजे. १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी ह्यांनीं पुण्यांत ग्राहक पंचायत स्थापन केली. एकटा गिऱ्हाईक दुकानापुढें दुबळा असतो, म्हणून गिऱ्हाइकांनीं एकत्र यावें, हा त्यामागील विचार. त्या वेळीं गिऱ्हाइकाचें रक्षण करणारा स्वतंत्र कायदा देशांत नव्हता. तो १९८६ सालीं झाला. जोशी २०१५ सालीं निवर्तले. जुन्या कायद्याच्या जागीं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, व तो २०२० च्या जुलै महिन्यांत अंमलांत आला.

आतां त्या भिंतीवरच्या पाटीचा विचार करा. हा कायदा म्हणतो कीं, सदोष माल परत घेऊन पैसे देण्याचें नाकारणें ही व्यापाराची अनुचित रीत आहे. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतींत, आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत, माल परत घेऊन किंमत द्यावयाची असते. पावती न देणें हीही अनुचित रीतच. तेव्हां पाटी कितीही मोठ्या अक्षरांत लिहिली, तरी ती सदोष मालाला लागूं पडत नाहीं. आणि यंत्र धंद्यासाठीं घेतलें म्हणून हक्क गेला, असेंही नाहीं; स्वतः राबून पोट भरण्यासाठीं घेतलेल्या वस्तूलाही कायद्याचें संरक्षण आहे.

दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करून सल्ला घेतां येतो. त्यानेंही काम झालें नाहीं, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करितां येते. ती दोन वर्षांच्या आंत करावी. तक्रारदार जेथें राहतो तेथील जिल्ह्यांतही ती चालते. म्हणून पुण्याबाहेरच्या मनुष्यास पुण्यास खेपा घालण्याचें कारण नाहीं. वकील लावलाच पाहिजे असें नाहीं, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालास तक्रारीची फी पडत नाहीं. लूक १८ मधील विधवेला न्यायाधीशाच्या दारीं किती वेळां जावें लागलें, तें आठवा. आणि आपणांसाठीं दार कितीतरी उघडें आहे, ह्याबद्दल देवाचे उपकार माना.

परंतु येथें थांबून आपण आपल्या स्वतःच्या अंतःकरणांत पाहूं. नीतिसूत्रांत एक गिऱ्हाईक आहे. तो घेतांना मालाला नांवें ठेवितो, आणि घेऊन गेल्यावर आपल्या चतुराईची फुशारकी मारितो. तो मनुष्य आपल्या मंडळींत नाहीं काय? लग्नांत साडी नेसून मिरवावयाची आणि सोमवारीं 'रंग जातो' म्हणून ती परत करावयाची. आपल्या हातून भांडें पडावें आणि 'मुळांतच चेपलेलें होतें' म्हणावें. हें मागणें नव्हे, ही चोरी आहे. खोट्या मालाबद्दल मागावयाचें तर मागणें खरें पाहिजे. जेवढा दोष तेवढाच सांगा. तुमच्या एका खोट्या शब्दानें पुढें येणाऱ्या दहा खऱ्या विधवांचा शब्द हलका होतो.

आणि आपण नेहमीं घेणारेच असतों काय? आपणही विकतों. दुधांत पाणी घालणारा, आणि वरतीं ताजे टोमॅटो रचून खालीं नासके भरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत पाठविणारा, हाही त्या दुकानदाराचा भाऊच. त्याच्या पाटींत तीच चीर आहे आणि तिजवर तोच रंग आहे. जक्कयाकडे पाहा. कोणी पावती घेऊन त्याच्या दारीं येण्याची त्यानें वाट पाहिली नाहीं. प्रभु घरीं आला तेव्हां, ज्यांना लुबाडलें त्यांना चौपट परत करण्यास तो आपण होऊन उभा राहिला. तारण घरांत आलें याची खूण त्याच्या पैशाच्या पिशवीवर दिसली.

उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारीं उपासना संपल्यावर आपल्या मंडळींत विचारा कीं, कोणाच्या घरीं अशी वस्तु कोपऱ्यांत पडली आहे काय. पावती शोधा, अर्ज लिहा, आणि निघण्यापूर्वीं त्या दुकानदारासाठींही प्रार्थना करा. कारण आपल्याला पैसा परत मिळवावयाचा आहे, तसा मनुष्यही परत मिळवावयाचा आहे. ती बहीण पुन्हां पुण्यास जाईल तेव्हां तिला एकटी जाऊं देऊं नका.