ज्वर कोणाचा?

१९१८ सालच्या भाद्रपद-आश्विनात ज्या साथीने महाराष्ट्रातील खेडीच्या खेडी अंथरुणास खिळवली आणि जिला लोकांनी 'मानमोडी' हे नाव दिले, तिचा मार्ग नकाशावर रेखू गेल्यास तो बव्हंशी आगगाडीच्या रुळांवरून जातो. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेला हा इन्फ्ल्यूएंझा प्रथम सौम्य होता. सप्टेंबरात तो उग्र होऊन परतला आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य लोहमार्ग, दक्षिणेस दौंडाकडे फुटणारा फाटा आणि औरंगाबादवरून निजामाच्या मुलखात शिरणारी मीटरगेजची वाट, या तिहींचा मिलाफ मनमाडास होतो. आणि सबंध इलाख्यात ज्वर पोहोचवण्यास अशा जंक्शनाहून अनुकूल स्थान दुसरे नव्हते. प्लेगच्या दिवसांत, १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे, सरकारने उतारूंच्या तपासणीचा कडक बंदोबस्त ठेवला होता. परंतु ज्या मनुष्याला ताप चढण्यापूर्वीच त्याच्या श्वासातून रोग पसरू लागतो, त्याला फलाटावर अडवणार कोण आणि कोणत्या लक्षणावरून? त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि आजच्या भारताच्या सीमांपुरते पाहिले तर १९११ ते १९२१ हे शिरगणतीच्या इतिहासातील लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले.

या संहाराची एक गोष्ट मात्र तत्कालीन वैद्यकास उलगडली नाही. साथ आली की बालके आणि वृद्ध आधी जातात, हा सार्वत्रिक अनुभव. येथे वीस ते चाळीस या वयाचे, अंगापिंडाने धडधाकट स्त्रीपुरुष विलक्षण प्रमाणात मृत्युमुखी पडले. शरीराची शक्ती हीच जर रोगाविरुद्धची ढाल असेल, तर जेथे ती सर्वांत अधिक तेथेच मृत्यूने हात का मारावा? प्रतिकाराविषयीच्या मानवी विचाराचा पुढील शंभर वर्षांचा प्रवास मी या प्रश्नाच्या रोखाने पाहतो, कारण त्याची उत्तरे शोधताना माणसाला रोगाची आपली कल्पनाच बदलावी लागली.

आरंभीची कल्पना सरळ होती: रोग बाहेरून येतो आणि शरीर त्याच्याशी लढते. १८८२ मध्ये मेसिना येथे मेच्निकॉफने तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात काटे खुपसले आणि भटक्या पेशी त्यांच्याभोवती जमताना पाहिल्या. दुसऱ्या बाजूस बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखवले की संरक्षणाचे सामर्थ्य पेशीरहित रक्तद्रवातही असते. पेशी श्रेष्ठ की रक्तद्रव, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला; १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ आणि द्रवपक्षाचा धुरंधर एर्लिक या दोघांना विभागून देण्यात आले, आणि पुढील संशोधनाने तो निवाडा योग्यच ठरवला. १९१८ च्या वैद्यांपुढे मात्र शत्रूचीच ओळख चुकीची होती. फायफरने वर्णिलेल्या एका जंतूवर ते इन्फ्ल्यूएंझाचा आरोप ठेवीत. खरा गुन्हेगार सूक्ष्म गाळणीतूनही निसटणारा विषाणू आहे, हे मनुष्याच्या बाबतीत १९३३ मध्ये लंडनला सिद्ध झाले.

स्मृतीचा विचार याहून जुना आहे. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पानुम या तरुण डॅनिश वैद्याने नोंदवले की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, ते वृद्ध पासष्ट वर्षांनंतरही त्यातून सुटले. एवढा दीर्घ काळ शरीराने ही ओळख कोठे जपली? १९५७ मध्ये बर्नेटने सुचवलेल्या उपपत्तीने याचा उलगडा झाला: नाना आकारांच्या संवेदकांच्या असंख्य पेशी शरीर आधीच बाळगते, आणि आगंतुकाशी जिचा संवेदक जुळतो तिचीच संतती वाढते, त्या संततीतील काही पेशी दीर्घकाळ जिवंत राहून पुढील भेटीची रुजवात घालतात. एखाद्या जुन्या जहागिरीच्या दफ्तरासारखा हा संग्रह आहे, आणि दफ्तर जळू शकते तसाच तोही नष्ट होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की गोवराचा विषाणू बालकाच्या रक्तातील, इतर रोगांविरुद्ध पूर्वी मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी करतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मनमाडच्या शेजारच्या मालेगावात गोवर उसळला, तेव्हा लस न टोचलेल्या मुलांचे नुकसान अंगावरचे पुरळ मावळल्यावरही सरत नव्हते. ही गोष्ट घरोघरी सांगितली जावी असे मला कळकळीने वाटते.

आता त्या धडधाकट तरुणांकडे वळू. अलास्कातील गोठलेल्या भूमीत पुरलेल्या एका देहातून आणि जतन केलेल्या ऊतींतून १९१८ चा विषाणू २००५ मध्ये पुन्हा घडवण्यात आला. त्याची लागण केलेल्या माकडांच्या फुप्फुसांत विषाणूच्या जोडीला शरीराच्या स्वतःच्या दाहक प्रतिसादाचा अनावर उद्रेक दिसला. तरुणांना बालपणी भिन्न जातीच्या इन्फ्ल्यूएंझाने घडवलेली जुनी ओळख नव्या आगंतुकाला गैरलागू ठरली, असेही काही अभ्यासक मानतात. दोन्ही कारणे एकत्र असण्यास हरकत नाही. पण कारण कोणतेही असो, एवढे निःसंशय की फुप्फुसे भरून येण्यास विषाणूइतकाच त्यावर तुटून पडलेला देहही जबाबदार असतो. ज्वर हा पाहुण्याचा नसून यजमानाचाच असतो.

या विचाराची कठोर कसोटी २०२० मध्ये कोविडच्या साथीत लागली. मालेगाव तेव्हा राज्यातील सर्वांत चिंतेच्या ठिकाणांपैकी एक होते. जूनमध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीने दाखवले की डेक्सामेथासोन हे प्रतिकार मंद करणारे स्वस्त औषध, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी करते. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना त्याचा लाभ झाला नाही. म्हणजे तेच औषध एका अवस्थेत तारक आणि दुसऱ्या अवस्थेत निरुपयोगी. २०२१ मध्ये महाराष्ट्रात, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांत, काळ्या बुरशीने जबडे आणि डोळे नेले, तेव्हा प्रतिकाराला आवर घालण्याची किंमतही दिसली. प्रतिकार किती, कोणत्या क्षणी आणि कोठवर, या मात्रेचा निर्णय शरीर क्षणाक्षणाला करते. वैद्यास तो अजून अंदाजानेच करावा लागतो.

म्हणूनच वटवाघळांचा अभ्यास मला मोलाचा वाटतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले, आणि त्यांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या. माणसांत ज्या निपाहने अनेकदा निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात, त्याच कुळाचे विषाणू ही वटवाघळे अंगावर वागवीत उडत राहतात. काही जातींत विषाणू आवरणारी यंत्रणा सज्ज असते, पण दाह मात्र आवरलेला राहतो, असे प्रयोग सांगतात. हा संयम त्यांनी कसा मिळवला आणि त्यातील कोणता अंश मनुष्याच्या औषधात उतरवता येईल, याचा तपास प्रयोगशाळांत चालू आहे.