शाईचं वय आणि शाईची सोयरीक

कल्याण, शहाड, मुरबाड या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून अजूनही मोडीचे कागद निघतात. हल्ली त्यांच्यासोबत प्रश्नही एकच निघतो: याचं कार्बन डेटिंग कुठे करून मिळेल? मोबाइलवर फिरणाऱ्या पत्रांखाली तर ‘शाई तपासून अस्सल ठरलेलं’ अशी ओळ आधीच चिकटवलेली असते. कागद शिवाजी महाराजांच्या १६५७ च्या कल्याण-भिवंडीच्या स्वारीशी जोडायचा आणि शंका घेणाऱ्याला प्रयोगशाळेचं नाव सांगून गप्प करायचं, अशी ही रीत आहे. मला तिचा राग येतो. शाई खोटेपणा उघडा पाडू शकते. अस्सलपणाचा दाखला मात्र ती एकटी कधीच देत नाही.

आधी त्या कार्बन डेटिंगचंच पाहू. आपली जुनी शाई काजळाची. तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी, बाभळीचा डिंक, पाणी आणि भरपूर घोटणं. कार्बन-१४ ची मोजणी फार तर ते तेल कोणत्या काळच्या पिकाचं हे सांगेल. बोरू कधी चालला हे तिला कळत नाही. काजळी रॉकेलच्या चिमणीची असेल तर आणखी पंचाईत, कारण खनिज तेलात कार्बन-१४ उरलेलाच नसतो आणि शंभर वर्षांपूर्वीची शाई हजारो वर्षांची दिसू लागते. त्याहून मोठी अडचण काळाची आहे. साधारण १६५० ते १९५० या तीन शतकांत या मोजणीचे आकडे एकमेकांत मिसळतात. शिवकाळातला कागद आणि उत्तर पेशवाईतला कागद यांचे आकडे सारखे येऊ शकतात. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचा जवळजवळ सगळा काळ नेमका या पद्धतीच्या आंधळ्या पट्ट्यात येतो. त्यासाठी पानाचा तुकडा जाळायचा, तो वेगळाच.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा त्यांच्या हाताशी यंत्र नव्हतं. मायना, शिक्का, मोर्तब, कालगणना, अक्षराचं वळण यांवर त्या पिढीचा भर होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेत बसून परशुराम कृष्ण गोडे यांनी पुढे शाई आणि कागद यांचाच इतिहास लिहायला घेतला. हे सारं वाचकांना ठाऊक आहे.

युरोप-अमेरिकेतली गोष्टही बहुतेकांनी ऐकलेली असते. येल विद्यापीठाने १९६५ मध्ये जाहीर केलेला, उत्तर अमेरिकेचा किनारा दाखवणारा विनलंडचा नकाशा चर्मपत्रावर होता आणि ते चर्मपत्र खरोखर पंधराव्या शतकातलं निघालं. शाईत मात्र विसाव्या शतकात तयार होऊ लागलेलं टायटॅनियमचं संयुग सापडलं. १९७४ मध्ये सुरू झालेला हा वाद २०२१ मध्ये येलनेच नकाशा बनावट ठरवून संपवला. आपल्याकडच्या चर्चेत हा किस्सा नेहमी यंत्राचा विजय म्हणून येतो. जुन्या पानाची चाचणी त्या नकाशाला तारू शकली नाही, हे त्यातलं खरं मोलाचं वाक्य कुणी उच्चारत नाही.

शाईच्या तपासणीत खरं वळण आलं ते इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये, १९९० च्या दशकात. गॅलिलिओची गतिशास्त्रावरची टिपणं होती, पण त्यांवर तारखा नव्हत्या. कोणता विचार आधी सुचला आणि कोणता नंतर, हे ठरेना. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रोटॉनचा बारीक झोत पानावर सोडून शाईतल्या लोखंड, तांबं, जस्त यांचं परस्पर प्रमाण मोजलं. पानाला धक्का लागला नाही. मग तीच मोजणी त्यांनी गॅलिलिओच्या तारीखवार हिशेबांवर आणि पत्रांवर केली. टिपणाची शाई ज्या हिशेबाच्या शाईशी जुळली, त्याच्या आसपास ते टिपण ठेवता आलं.

या प्रयोगाकडे ‘डोळ्यांची जागा यंत्राने घेतली’ असं पाहिलं जातं. मला हे वाचन साफ चुकीचं वाटतं. यंत्राने शाईचं वय मोजलंच नाही. तिची सोयरीक शोधली. आणि सोयरीक शोधणं हे तर राजवाड्यांच्या पिढीचं काम. अज्ञात पत्राचं वळण ज्ञात पत्राच्या वळणाशी ताडायचं, तसंच इथे शाईचं. गॅलिलिओने घरखर्चावर तारखा घातल्या नसत्या तर तो प्रोटॉनचा झोत मुका राहिला असता. शहाडच्या रेयॉनच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे वेगळं समजावायला नको: प्रमाण नमुना समोर नसेल तर प्रयोगशाळेतला आकडा काहीच बोलत नाही.

फ्लॉरेन्सची पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही. तिकडची शाई मायफळ आणि हिराकसाची, त्यामुळे धातूंनी भरलेली. नेहमीच्या क्ष-किरण तपासणीत काजळातला कार्बन जवळजवळ दिसतच नाही. अवरक्त प्रकाशात काजळाची शाई काळीच राहते आणि हिराकसाची फिकी पडत जाते, म्हणून दोन्हींची सरमिसळ किंवा नंतर घातलेली ओळ ओळखता येते. काही जुन्या कृतींत शाई तांब्याच्या भांड्यात घोटायला सांगितली आहे. तशा शाईत तांब्याचा अंश शोधता येईल. कागदाचे तंतू आणि त्यावरची खळही बोलतात. पण हे सगळं ताडायचं कशाशी? आपलं भाग्य असं की पुण्याच्या पेशवे दफ्तरात तारीखवार कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. त्यांतून गाव, कचेरी आणि वर्ष यांनुसार शाईचा नमुनासंच उभा करणं हे एखाद्या गाजावाजा झालेल्या पत्राच्या चाचणीपेक्षा कितीतरी गरजेचं काम आहे, आणि त्यासाठी मोडी वाचणारे आणि रसायन जाणणारे एका टेबलाशी बसले पाहिजेत.

म्हणून कागद घेऊन येणाऱ्यांना माझं सांगणं असतं की शिवाजी महाराजांचं नाव दिसतंय म्हणून एकच पान रुमालातून वेगळं काढू नका, त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. त्याच्या शेजारची कुळांची यादी, भाताचा हिशेब, वसुलीची पावती रद्दीत घालू नका. त्यांवर तारखा आहेत, आणि त्याच कारकुनाची, त्याच दौतीतली शाई त्यांच्यावर असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.