नव्या नागरिकाला शिक्षक करताना

अमेरिकी नागरिकत्वाची मुलाखत नागरिकशास्त्राच्या प्रश्नांपासून सुरू होत नाही. अधिकारी नाव पुकारतो, खोलीकडे जाता जाता दोन शब्द बोलतो, हात वर करून शपथ घ्यायला लावतो. अर्जदाराला इंग्रजी कितपत कळते, याचा अंदाज तो तेव्हापासूनच घेत असतो. पूर्वी शंभर प्रश्नांच्या यादीतले दहा विचारत आणि सहा बरोबर आले की पुरे होत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली. त्यांतले वीस विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. यादी लांबली की शिकवण्यांचा सगळा भर पाठांतरावर जाईल, याची मला काळजी वाटते. कारण ज्यांचे शिक्षण कमी झाले आहे, ती माणसे बहुधा त्या यादीपेक्षा एन-४०० या अर्जावरच्या प्रश्नांना अडखळतात.

‘तुम्ही कधी स्वतःला अमेरिकी नागरिक म्हणवले आहे का?’ ‘कधी कुणाच्या छळात भाग घेतला आहे का?’ सरकारी माणसासमोर आयुष्यभर मान तुकवत आलेली म्हातारी माणसे न समजलेल्या प्रश्नालाही ‘हो साहेब’ म्हणून मोकळी होतात. इथे त्या एका ‘हो’पायी अर्ज नामंजूर होऊ शकतो. ‘मला समजले नाही, पुन्हा सांगाल का?’ हे वाक्य न घाबरता म्हणता येणे यादीतल्या पन्नास उत्तरांहून मोलाचे आहे. प्रश्न पुन्हा विचारण्याची, सोपा करून विचारण्याची सोय नियमातच आहे. मागायचा धीर मात्र शिकवावा लागतो.

तो कोणी शिकवावा? जो नुकताच त्या खुर्चीवरून उठला आहे, त्याने. मात्र तो शिकवायला बसण्यापूर्वी त्याला नीट तयार करायला हवे. अशा माणसाचा पहिला ओढा असतो ‘माझ्या वेळी असे झाले’ हे सांगण्याचा. एकाचा अधिकारी प्रेमळ निघाला म्हणून दुसऱ्याचा निघेल असे नाही. त्याहून घातक म्हणजे मायेपोटी दिलेला सल्ला: ‘ती अटक फार जुनी आहे, लिहू नका.’ कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना आणि न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधींनाच आहे. म्हणून ‘हे मी सांगू शकत नाही, वकिलाला विचारू या’ असे म्हणण्याचा सराव प्रशिक्षणात वारंवार करून घेतला पाहिजे. दुसरा सराव गप्प राहण्याचा. समोरचा शब्द शोधत असताना उत्तर पुरवायचे नाही.

सामान्य माणसाला असा शिक्षक करण्याची पद्धत अमेरिकेत नवी नाही. १९५७ साली दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत, कृष्णवर्णीय प्रौढांचा वर्ग सुरू झाला. मतदार म्हणून नाव नोंदवायला वाचता येणे सक्तीचे होते, आणि ही अट त्यांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठीच वापरली जाई. वर्ग उभारणाऱ्यांपैकी सेप्टिमा क्लार्क स्वतः अनुभवी शिक्षिका. पण वर्गासाठी त्यांनी बर्निस रॉबिन्सन यांना निवडले. त्या केशरचना करणाऱ्या होत्या, त्यांनी कधी शिकवलेले नव्हते. विद्यार्थ्यांना कमी लेखणारा मास्तर तिथे नकोच होता. तुम्हाला काय शिकायचे आहे, असे रॉबिन्सन यांनी आधी विचारले. लोकांना स्वतःचे नाव लिहायचे होते, बायबल वाचायचे होते, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. धडे त्यातूनच घडले. पुढे जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात अशा शिक्षकांची प्रशिक्षणे होऊ लागली आणि वर्ग दक्षिणेत गावोगाव पसरले.

अशा शिक्षकाची गरज आजही आहे. ओहायोतल्या कोलंबस शहरात भूतानमधून हाकललेल्या नेपाळीभाषकांची मोठी वस्ती आहे. १९५८ सालचा रहिवास कागदाने सिद्ध करा, अशी अट घालून भूतानने यांच्यातल्या अनेकांचे नागरिकत्व काढून घेतले. पुढची जवळपास दोन दशके नेपाळमधल्या छावण्यांत गेली. अशा माणसाला टेबलापलीकडचा अधिकारी कागद मागतो तेव्हा त्याच्या पोटात काय होत असेल, हे त्याच्याच वस्तीतल्या नव्या नागरिकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हाताशी वेळही थोडा असतो. वृद्ध निर्वासितांना केंद्र सरकारचा निर्वाहभत्ता सात वर्षेच मिळतो; नागरिकत्वाचा अर्ज साधारण पाच वर्षांनी करता येतो. मधल्या दोन वर्षांत परीक्षा पार पडली नाही, तर भत्ता बंद होतो.

आपली मराठी मंडळी या परीक्षेला सहसा घाबरत नाहीत. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबलेल्या इंजिनिअरला इंग्रजीची भीती कसली? पण त्याची आई बासष्टाव्या वर्षी ग्रीन कार्डावर आली, तर सदुसष्टाव्या वर्षी ती नागरिकत्वाला पात्र होते. इंग्रजीची अट सुटून मराठीत, दुभाष्यामार्फत परीक्षा द्यायची, तर पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे. म्हणजे तिचे वय सत्त्याहत्तर. मधली दहा वर्षे तिला इंग्रजीतूनच परीक्षा द्यावी लागते. तिचा सराव घ्यायला बसलेला मुलगा बहुतेक वेळा दिवसभराच्या कामाने दमलेला असतो, आणि आईला मुलासमोर चुकायचा संकोच वाटतो.

तिला परका, पण आपल्यातला शिक्षक हवा. अनेक महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. जागा आहे, वेळापत्रक आहे, नुकतेच नागरिक झालेले पालक तिथे मुलांना न्यायला येतात. त्यांच्यातल्या चार-पाच जणांना स्थानिक वाचनालयाच्या किंवा निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने तयार करता येईल. वर्ग मराठी आजी-आजोबांपुरता ठेवू नये. कोलंबसमधल्या नेपाळी आजोबांच्या कानाला हिंदी बहुधा ओळखीची असते आणि त्यांची लिपीही आपलीच. तेही त्याच बाकावर बसू शकतील.